इथिओपियाचं कुटुंब पुण्यात शिकायला येतं तेव्हा: शेजारी, घरमालक आणि सहकाऱ्यांसाठी पायरीपायरीने

शिकायला येतो एक जण, पण संसार सगळ्यांचा उचलून आणलेला असतो. पुण्यात पीएच.डी.साठी येणारे इथिओपियन लोक माझ्या पाहण्यात तरी कोवळ्या वयाचे नव्हते. तिशी-पस्तिशी ओलांडलेली, तिकडे एखाद्या विद्यापीठात शिकवण्याची नोकरी, घरी जोडीदार आणि एक-दोन मुलं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन वर्षं लागतात आणि ती सहापर्यंत जाऊ शकते. मूल पहिलीतून चौथीत जाईपर्यंत बापाने त्याला फक्त फोनवर बघायचं का, हा प्रश्न पडला की माणूस घरच्यांना घेऊन येतो.

मी औंधला राहते. गेल्या काही वर्षांत आमच्या इमारतीत आणि आसपास अशी पाच कुटुंबं राहून गेली. त्यांच्यासोबत कचेऱ्यांच्या चकरा मारून, चुका करून जे शिकले ते इथे लिहिते आहे. तुमच्या विभागात, सोसायटीत किंवा मुलाच्या वर्गात असं कुटुंब पहिल्यांदाच येणार असेल, तर हे तुमच्यासाठी. ‘तो शिकतो, ती घरी असते’ असं धरून लिहिलं आहे. पाचातल्या एका घरात उलट होतं. ती शिकायला आली होती आणि नवरा मुलं सांभाळत होता. त्यांनाही हेच सगळं लागलं.

पहिली पायरी: नाव नीट समजून घ्या

हे सगळ्यात आधी, कारण पुढची निम्मी अडवणूक नावापाशी होते. इथिओपियात आडनाव नसतं. स्वतःचं नाव आणि त्यापुढे वडिलांचं नाव, एवढंच. १९६० साली रोममध्ये अनवाणी धावून ऑलिम्पिक मॅरेथॉन जिंकणारा अबेबे बिकिला आठवा. बिकिला हे त्याच्या वडिलांचं नाव. लग्नानंतर बाई नाव बदलत नाही. म्हणजे नवऱ्याच्या नावापुढे त्याचे वडील, बायकोच्या नावापुढे तिचे वडील आणि मुलीच्या नावापुढे तिचा बाप. एका घरात तीन माणसं आणि फॉर्मवरच्या ‘आडनाव’ या रकान्यात तीन वेगळे शब्द. बँकेतला माणूस विचारतो, हे खरंच नवरा-बायको आहेत का? शाळेतली बाई विचारते, मुलीचं आडनाव आईशी का जुळत नाही?

मराठी माणसाला हे समजायला अवघड नाही. आपल्या नावातलं मधलं नाव वडिलांचंच असतं. त्यांच्याकडे मधल्या नावावर नाव संपतं, एवढं सांगितलं की समोरच्याच्या लक्षात येतं. त्यांना निघण्याआधीच कळवा, की विवाहाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले इंग्रजीत, साक्षांकित करून आणा. मूळ प्रती हातातल्या बॅगेत ठेवा. आणि इथे प्रत्येक फॉर्मवर पासपोर्टवरचंच स्पेलिंग, अक्षर न अक्षर तेच. एका घरात मुलाच्या शाळेच्या फॉर्मवर कुणीतरी चांगल्या हेतूने आईचं नाव वडिलांच्या नावाशी जुळवून लिहून टाकलं होतं. ते दुरुस्त करायला सात महिने गेले.

निघण्याआधीची दुसरी गोष्ट म्हणजे पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची लस. इथिओपिया, केनिया, युगांडा अशा देशांतून येणाऱ्याकडे तिचं प्रमाणपत्र लागतं आणि लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते लागू होतं. तिकीट काढायच्या दिवशीच लसीची तारीख धरा. प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावरूनच विलगीकरणात जावं लागतं आणि लहान मुलांसोबत ते फार कठीण जातं.

दुसरी पायरी: घर

घर आधी बघून ठेवणं शक्य असेल तर बघा, पण डिपॉझिट ते आल्यावरच, त्यांनी स्वतः घर पाहून द्यावं. एजंटला फोनवर सगळं आधीच स्पष्ट सांगा: देश कोणता, माणसं किती, काय शिकतात. लपवून नेलं की दारात उभं राहिल्यावर ‘फ्लॅट गेला’ असं ऐकावं लागतं. तो अपमान मुलांच्या समोर होतो.

सोसायटीची माणसं जे विचारतात ते बहुतेक एकच असतं: नॉनव्हेज करणार का, पार्ट्या करणार का? दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर असतं, की हा माणूस तिकडे प्राध्यापक आहे आणि त्याची मुलं रात्री नऊला झोपतात. पहिल्या प्रश्नाचं उत्तर ऐकून लोक चकित होतात. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती घरांत बुधवारी आणि शुक्रवारी उपास असतो. त्या दिवशी मांस, अंडी, दूध, तूप काही चालत नाही. ईस्टरच्या आधी असे सलग पंचावन्न दिवस पाळतात. वर्षभराचे सगळे उपास मोजले तर निम्म्या वर्षाच्या आसपास हे लोक आपल्या पट्टीच्या शाकाहाऱ्यापेक्षा कडक खातात. डुकराचं मांस तर त्यांच्यात खातच नाहीत. अर्थात सगळे ऑर्थोडॉक्स नसतात. मुस्लिम कुटुंबंही येतात, प्रोटेस्टंटही येतात, तेव्हा आधी विचारून घ्या.

एक गोष्ट मात्र पहिल्याच आठवड्यात, संकोच न करता सांगा. उपासाचे दिवस सोडले तर तिकडे बैलाचं मांस सर्रास खातात. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे. हे त्यांना कायद्यासह शांतपणे समजावून सांगितलं तर कुणीही वाईट वाटून घेत नाही. न सांगितलं तर नकळत अडचणीत येतील.

घरमालकाची कामं तीन. एक, परदेशी माणूस राहायला आल्यापासून चोवीस तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरायची. याला सगळे अजून ‘सी फॉर्म’ म्हणतात. हॉटेलप्रमाणे घरमालकालाही तो लागू आहे आणि बहुतेक घरमालकांना हे ठाऊकच नसतं. दोन, भाडेकराराची नोंदणी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे करार नोंदवून घेणं ही मालकाची जबाबदारी आहे. भाडेकरूकडे आधार नसल्याने घरबसल्या होणारी ऑनलाइन नोंदणी जमत नाही, मग दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जायची तयारी ठेवा. तीन, भाडेकरूची पोलीस पडताळणी. पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय २०१८ पासून वेगळं झालं आहे, त्यामुळे वाकड किंवा पिंपळे सौदागरला घर घेतलं असेल तर पडताळणी तिकडच्या पोलिसांकडे.

करारावर नवरा-बायको दोघांचीही नावं घाला. पत्त्याचा पुरावा तिच्याकडेही असला पाहिजे. ते का, ते पुढे येईलच.

तिसरी पायरी: चौदा दिवस

एकशे ऐंशी दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्याने चौदा दिवसांच्या आत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करायची असते. अर्ज ई-एफआरआरओ या सरकारी पोर्टलवर होतो. पासपोर्ट, व्हिसा, फोटो, भाडेकरार आणि विद्यापीठाचं बोनाफाइड प्रमाणपत्र ही कागदपत्रं हाताशी लागतात. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय केंद्रातून बोनाफाइड मिळायला दिवस जातात, म्हणून पहिला अर्ज तिथे करा, तोही पहिल्या दोन दिवसांत. शिकणाऱ्याचा विद्यार्थी व्हिसा असतो आणि सोबतच्या माणसांचा एंट्री व्हिसा. दोन्हींचे अर्ज वेगवेगळे होतात. मुदतवाढही दरवेळी वेगवेगळी मागायची असते. नवऱ्याचा व्हिसा वाढला म्हणून बायकोमुलांचा आपोआप वाढत नाही. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सगळ्यांच्या तारखा लाल शाईने लिहून ठेवायला सांगा.

आणि कॅलेंडर म्हणताना दहा वेळा खात्री करा, की तुम्ही दोघं एकाच कॅलेंडरबद्दल बोलत आहात. इथिओपियाचं वर्ष तेरा महिन्यांचं असतं: तीस दिवसांचे बारा महिने आणि शेवटचा पाच किंवा सहा दिवसांचा. साल आपल्या इंग्रजी सालापेक्षा सात-आठ वर्षं मागे. ११ सप्टेंबर २०२५ ला त्यांच्याकडे २०१८ साल सुरू झालं. जुन्या दाखल्यांवर, लसीच्या कार्डांवर त्यांच्या पद्धतीच्या तारखा असू शकतात. मूल कागदावर आठ वर्षांनी मोठं दिसायला लागलं तर घाबरू नका, तारीख बदलून घ्या.

घड्याळही वेगळं आहे. तिथे दिवस मोजायला सूर्योदयापासून सुरुवात करतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक वाजलेला. विद्यापीठात काम केलेली माणसं आपल्याशी बोलताना वेळ बदलून बोलतात, पण घरच्यांना ती सवय नसते. मी एकदा एका बाईंना ‘तीन वाजता जाऊ’ म्हटलं होतं. त्या सकाळी नऊला दोन्ही मुलांना अंघोळ घालून, नवे कपडे चढवून माझ्या दारात उभ्या होत्या. त्यांच्या हिशेबाने त्या अगदी वेळेवर होत्या. तेव्हापासून मी वेळ सांगताना ‘दुपारच्या जेवणानंतर’ असं जोडते आणि घड्याळाचे काटे बोटाने दाखवते.

चौथी पायरी: चूल

नवीन गावात पाय टेकतो तो चुलीपाशी. पहिल्या आठवड्यात बाकी काही जमलं नाही तरी एवढं करा.

गॅस: नेहमीच्या कनेक्शनसाठी कागदपत्रं जमेपर्यंत पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, त्यावर सुरुवात होते. सोबत एक इंडक्शन शेगडी.

इंजेरा: हे त्यांचं रोजचं अन्न. टेफ नावाच्या धान्याच्या पिठाची, दोन-तीन दिवस आंबवलेली, मोठी, मऊ, जाळीदार आंबोळीच म्हणा. एकाच बाजूने भाजतात, वर झाकण ठेवून. टेफचा दाणा नाचणीपेक्षाही बारीक असतो आणि पुण्याच्या बाजारात तो मिळत नाही. त्यांना गिरणीवर घेऊन जा. तांदूळ, ज्वारी आणि थोडी नाचणी बारीक दळून आणली की त्या स्वतःच प्रमाण बसवतात. पहिली चार-पाच बिघडतात. आमच्याकडे एकीने महिनाभर रोज करून पाहिलं, तेव्हा तिला हवी तशी जाळी पडली. त्या दिवशी ती ताट घेऊन तीन मजले चढून आली. पीठ पावसाळ्यात लवकर आंबतं आणि डिसेंबरात आंबतच नाही, हे तिला सांगायला इडली करणारी कुठलीही शेजारीण पुरते. तवा मोठा हवा. तुळशीबागेत किंवा भांड्यांच्या घाऊक दुकानात डोशाचा मोठा सपाट तवा मिळतो.

शिरो: हे ऐकून माझा आनंद गगनात मावला नव्हता. शिरो म्हणजे पिठलं. कांदा, लसूण, तिखट आणि मसाला घातलेलं हरभऱ्याचं पीठ, मातीच्या भांड्यात रटरटणारं. मी आमच्या घरचं पिठलं नेऊन दिलं तेव्हा त्यांच्या घरातल्या आजींनी, त्या तीन महिन्यांसाठी आल्या होत्या, एक घास खाल्ला आणि माझा हात धरून ठेवला. भाषा दोघींनाही येत नव्हती.

बेरबेरे: त्यांचा तिखट मसाला. बहुतेक घरी दोन-तीन किलो सोबत आणतात. संपला की ब्याडगी मिरची, मेथी, सुंठ, धणे, ओवा, वेलची यांवर काम चालवता येतं. मिरची कांडप केंद्र कुठे आहे ते दाखवा. मसाल्याचं तूप करतात, त्याला आपलं साजूक तूप चालतं.

कॉफी: हे शेजाऱ्यांनी नीट वाचावं. त्यांच्या घरी कॉफीचे हिरवे दाणे तव्यावर भाजतात. धूर होतो, सोबत ऊद किंवा धूप लावतात. वरच्या मजल्यावरून जळाल्याचा वास आला म्हणून एकदा वॉचमन पाण्याची बादली घेऊन धावला होता. दाणे भाजून, कुटून, काळ्या मातीच्या जेबेना नावाच्या सुरईत उकळतात आणि तीन फेऱ्या देतात: आबोल, तोना, बरका. सोबत लाह्या असतात, मक्याच्या. पहिली फेरी पिऊन उठू नका. तिसऱ्या फेरीत बरकत असते असं मानतात, म्हणून तासभर काढूनच जा. तिथे यजमान आपल्या हाताने तुमच्या तोंडात घास भरवतील. त्याला गुर्शा म्हणतात. आपल्याकडे लग्नात भरवतात तसा. मान मागे घेऊ नका. कच्चे दाणे कॉफी भाजून विकणाऱ्या दुकानात मागितले तर मिळतात, आपल्याकडे कर्नाटकातून येतातच.

पाचवी पायरी: शाळा

तिकडचं शालेय वर्ष सप्टेंबरात सुरू होतं, इथलं जूनमध्ये. ऑक्टोबरात आलेलं मूल अधांतरी राहतं. मोठ्या नावाच्या शाळांच्या रांगेत वेळ घालवू नका. घरापासून चालत जाता येईल अशी इंग्रजी माध्यमाची मध्यम शाळा बघा आणि मुख्याध्यापकांना प्रत्यक्ष भेटा. एका शाळेने आम्हाला ‘इतर पालकांना चालणार नाही’ असं तोंडावर सांगितलं. त्या शाळेशी वाद घालण्यात मी एक आठवडा घालवला, तो घालवायला नको होता. दुसऱ्या शाळेत, साध्याशा इमारतीत, बाईंनी विचारलं, ‘तिला चित्रं काढायला आवडतात का?’ आणि मुलगी दुसऱ्या दिवसापासून वर्गात बसली.

मराठी हा विषय २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत आहे. आईबाप त्याने घाबरतात, पण मुलांना आपली लिपी फार लवकर येते. त्यांची फिदेल लिपी बाराखडीसारखीच चालते. प्रत्येक व्यंजनाची स्वरांप्रमाणे सात रूपं असतात. ‘क का कि की’ म्हणून दाखवलं की मूल लगेच ‘हे आमच्यासारखंच आहे’ म्हणतं. हे शिक्षकांना सांगून ठेवा.

आणखी एक गोष्ट शिक्षकांना सांगा. ‘हो’ म्हणताना हे लोक अनेकदा पटकन श्वास आत ओढतात. मूल दचकलं किंवा रडायला आलं असं वाटतं. ते फक्त ‘हो’ म्हणत असतं.

इतिहासाच्या तासाला मलिक अंबर येतो. तो इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, दख्खनेत आला आणि निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या जागी त्याने खडकी वसवली. शहाजीराजे भातवडीला १६२४ मध्ये त्याच्याच बाजूने लढले. बाईंनी हे वर्गात सांगितलं त्या दिवशी आमच्या इमारतीतला नऊ वर्षांचा मुलगा घरी येऊन बापाला विचारत होता, आपण अंबरच्या गावचे का?

सहावी पायरी: दुखणंखुपणं

आदिस अबाबा समुद्रसपाटीपासून तेवीसशे मीटरहून उंच आहे. तिथून आलेल्यांना डासांची आणि एप्रिलच्या उन्हाची सवय नसते. जाळ्या पहिल्या दिवशी बसवा. जुलै ते नोव्हेंबर ताप आला तर डेंग्यू मनात धरून रक्त तपासा, आणि डॉक्टरांना ते कुठून व कधी आले हेही सांगा, म्हणजे ते मलेरियाही बघतील. मुलांच्या राहिलेल्या लसी महापालिकेच्या दवाखान्यात मोफत मिळतात. सोबत जुनं लसीचं कार्ड न्या. आरोग्य विमा शिकणाऱ्याचा असतो, घरच्यांचा नसतो. घरच्यांचा वेगळा काढायला लावा.

बाळ इथेच होणार असेल, आणि तीन-चार वर्षांत होतंच, तर क्रम असा. जन्माची नोंद एकवीस दिवसांत. दाखल्यावर आईवडिलांची नावं पासपोर्टप्रमाणे आहेत का, ते रुग्णालयातून घरी जाण्याआधी तपासा. भारतात जन्मलं म्हणून ते बाळ भारतीय नागरिक होत नाही, कारण आईवडील दोघंही परदेशी आहेत. दूतावासातून त्याचा पासपोर्ट काढायचा आणि मग त्याच्या व्हिसासाठी ई-एफआरआरओवर अर्ज करायचा. बाळंतपणाच्या धावपळीत हे राहून जातं आणि परत जायच्या वेळी विमानतळावर आठवतं.

सातवी पायरी: जी शिकत नाही ती

पहिल्या कुटुंबाला मी मनापासून मदत केली. करार, नोंदणी, बँक, सिमकार्ड, सगळं केलं. सगळं त्याच्याशी बोलून केलं. ती दार उघडायची, हसायची, आत जायची. आठ महिन्यांनी ती आजारी पडली तेव्हा रुग्णालयाच्या खिडकीवर मला तिचं नाव विचारलं आणि ते मला ठाऊक नव्हतं. ही माझी चूक होती आणि ती मी विसरलेले नाही.

एंट्री व्हिसावर नोकरी करता येत नाही. तिकडे ती परिचारिका असेल, शिक्षिका असेल, बँकेत असेल. इथे तिच्या हातात चार खोल्या आणि एक बाल्कनी. नवरा सकाळी ग्रंथालयात जातो, मुलं शाळेत जातात. भाषा येत नाही, स्वतःचं खातं नाही, नावावर फोन नाही. रिक्षावाला काय म्हणाला ते कळत नाही. घंटागाडी कोणत्या वेळी येते आणि ओला-सुका कचरा वेगळा का, हेही कुणी सांगितलेलं नसतं. पीएच.डी. अर्धवट टाकून परत गेलेलं एकच कुटुंब मी पाहिलं. तिथे प्रबंध अडला नव्हता, तिचं मन अडलं होतं.

म्हणून ठरवून करा. पहिल्या आठवड्यात तिच्या नावाने वेगळं सिमकार्ड घ्या, पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती लागतात. भाडेकरारात तिचं नाव आहेच, त्यावर तिचं बँक खातं विचारा. बहुतेक बँका शिकणाऱ्याला एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं रुपयातलं खातं देतात, त्यात तिला जोडता येतं का ते बघा. भाजीच्या गाडीवर तिला एकदा सोबत न्या, दुसऱ्यांदा तिला बोलू द्या, तिसऱ्यांदा पाठवा. ‘कितीला?’, ‘अर्धा किलो’, ‘नको’, ‘सुट्टे द्या’ एवढ्या चार शब्दांनी बाई घराबाहेर पडते. पीएमपीच्या, म्हणजे शहर बसच्या, एक मार्ग पाठ करून द्या.

तिच्याकडून काही शिका. हे फार महत्त्वाचं आहे. मदत घेत राहणाऱ्याचा जीव कोंडतो. आमच्या इमारतीतल्या दोघीजणी तिच्याकडे केसांच्या बारीक वेण्या शिकायला जायच्या, त्यातून तिला पहिल्या मैत्रिणी मिळाल्या. ‘अमसेगनालेहु’ म्हणजे आभारी आहे. उच्चार चुकला तरी म्हणा.

रविवारसाठी: मलंकारा ऑर्थोडॉक्स सीरियन चर्च आणि इथिओपियाचं ऑर्थोडॉक्स चर्च एकाच घराण्यातली आहेत. पुण्यात मल्याळी मंडळींची ती चर्च आहेत. भाषा वेगळी, पण अनवाणी उभं राहणं, धूप, उपास सारखे. पत्ता शोधून द्या.

आठवी पायरी: पैसा

शिष्यवृत्ती आयसीसीआरची, म्हणजे आपल्या सरकारच्या सांस्कृतिक संबंध परिषदेची, असो वा त्यांच्या सरकारची, ती एका माणसाच्या हिशेबाने असते. बाकीचं घर बचतीवर चालतं. जुलै २०२४ मध्ये इथिओपियाने आपल्या चलनाचा, बिरचा, दर बाजारावर सोडला आणि थोड्याच काळात डॉलरच्या तुलनेत बिरची किंमत निम्म्यावर आली. तिकडचा पगार तोच, पण त्याचे रुपये निम्मे. आमच्या शेजारच्या घरात त्या महिन्यापासून मांस बंद झालं आणि मुलीचा नृत्याचा वर्गही. कुणी सांगितलं नाही, आम्हाला दिसलं. अशा वेळी घरमालकाने भाडेवाढ एक वर्ष थांबवली तरी मोठा आधार होतो. वापरलेली पुस्तकं, गणवेश, सायकल देताना ‘आमच्याकडे पडून आहे, जागा अडते’ असं म्हणून द्या.

नववी पायरी: रस्त्यावरचं

मुलांच्या केसांना हात लावायचा नाही. न विचारता फोटो काढायचा नाही. हे आपल्या मुलांना, पाहुण्यांना, वॉचमनला आधीच सांगा. प्रत्येक आफ्रिकी माणसाला ‘नायजेरियन’ म्हणणं थांबवा. चोपन्न देशांचा तो खंड आहे. ‘हबशी’ हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरतात. त्याचं मूळ ‘हबेशा’ आहे आणि इथिओपियातले कितीतरी लोक स्वतःला अभिमानाने हबेशा म्हणवतात. मी हे कळल्यापासून तो शब्द तसा वापरणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवते.

मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात आफ्रिकी विद्यार्थ्यांवर जमावाने हल्ले केले. त्या रात्री आमच्या इमारतीतल्या कुटुंबाने दिवे लवकर बंद केले होते. दोन शेजारी जाऊन त्यांच्याकडे नुसते बसले. तसं काही घडलं की फोन करू नका, जा. पोलीस ठाण्यात जायची वेळ आली तर मराठी बोलणारं माणूस सोबत असू द्या.

पुण्याला हे नवीन नाही. फर्ग्युसनच्या वसतिगृहात कावीळ झालेल्या एका मॉरिशसच्या मुलाला त्याची बहीण खिडकीतून जेवण देताना डॉ. शां. ब. मुजुमदारांना दिसली. परक्या देशातल्या या मुलांचं इथे कोण, या प्रश्नातून १९७१ मध्ये सिम्बायोसिस उभी राहिली.

दहावी पायरी: परत जाताना

प्रबंध जमा झाला की तोंडी परीक्षेपर्यंत कित्येक महिने जातात. व्हिसाची मुदत त्या हिशेबाने आधीच वाढवून घ्या. घरमालकाला दोन महिने आधी लेखी कळवा आणि डिपॉझिट विमानाच्या आधी, बँकेतून परत द्यायला सांगा. गेल्यावर पाठवतो म्हणणाऱ्यांचे पैसे क्वचितच पोचतात. लाईट बिल, गॅस, इंटरनेट बंद झाल्याच्या पावत्या घ्या. बँक खातं शेवटी बंद करा.

मुलांचा शाळा सोडल्याचा दाखला आणि सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका इंग्रजीत, शिक्क्यासह मागा आणि त्या साक्षांकित करून घ्या. त्यांची शाळा सप्टेंबरात सुरू होते, त्यामुळे हे काम मेमध्ये, इथल्या सुट्टीआधी उरकावं लागतं. सुट्टीत शाळेचं कार्यालय अर्धा दिवसच उघडं असतं. आणि डोशाचा तो मोठा तवा त्यांना सामानात नेऊ द्या. वजन जास्त होतं म्हणून तो इथे ठेवायचं ठरतं आणि मग विमानतळावर सगळ्यांना त्याचीच चुटपुट लागते.